दिवाबत्ती आणि पाणी

जमिनीवर राहणाऱ्या माणसाला शांतता विसाव्याची वाटते. जहाजावरच्या माणसाला ती झोपेतून उठवते. मालवाहू जहाजाच्या पोटात दिवसरात्र एक घरघर चाललेली असते. केबिनच्या भिंतीतून, खाटेच्या लोखंडातून, टेबलावरच्या पेल्यातल्या थरथरत्या पाण्यातून ती अंगात भिनते आणि आठ-पंधरा दिवसांत ऐकू येईनाशी होते. कान तिची दखल घेणे सोडून देतो, शरीर मात्र सोडत नाही. मध्यरात्री ही घरघर एकाएकी थांबली, हवा खेळवणारे पंखे मंदावले आणि दिवे मालवले, की कोणी हाक मारण्यापूर्वीच गाढ झोपलेले इंजिनियर अंधारात बॉयलरसूट अंगावर चढवीत जिन्याकडे धावत सुटतात. या शांततेला जहाजावर ब्लॅकआउट म्हणतात. इतरत्र हा शब्द केवळ अंधाराचा वाचक आहे. समुद्रावर तो असहायतेचा वाचक ठरतो.

समुद्राविषयीच्या लौकिक कल्पनेत या प्रसंगाला फारसे स्थान नाही. जहाज म्हटले की कप्तान, वादळ, नांगर आणि दीपस्तंभ आठवतात. फार तर खाली कुठेतरी एक प्रचंड इंजिन असते, एवढे ज्ञान असते. ते इंजिन खरोखर प्रचंड असते. मोठ्या जहाजावर ते तीन-चार मजली घराएवढे उंच भरते आणि त्याच्या भोवतीने लोखंडी जाळीचे सज्जे बांधलेले असतात. परंतु हे अजस्र धूड एकच काम करते: ते पंखा फिरवते. जहाज पुढे जाते ते त्याच्यामुळे, हे खरे. पण जहाज जगते ते त्याच्यामुळे नव्हे. दिवे लावणे, प्यायचे पाणी करणे, सुकाणू वळवणे, तेल तापवून गाळणे, थंड कोठीतले मांस आणि भाज्या टिकवणे, तळाशी साचलेले पाणी उपसणे, माल उतरला की जहाज हलके होऊन कलू नये म्हणून टाक्यांत समुद्र भरणे आणि माल चढू लागला की तो पुन्हा बाहेर टाकणे, ही सारी कामे दुसरीच यंत्रे करीत असतात. त्यांची संख्या शेकड्यात जाते. त्यांना एकत्रितपणे ऑक्झिलरी मशिनरी म्हणतात. मराठी परिभाषेने त्यासाठी ‘साहाय्यक यंत्रसामग्री’ असा शब्द दिला. शब्द निर्दोष आहे. पण त्यात एक उतरंडही गृहीत धरलेली आहे.

या उतरंडीचा अर्थ तासगावकडच्या एका घरात सहज उलगडला होता. घरातल्या तीन पिढ्यांपैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता आणि मुलगा जहाजावर चौथा इंजिनियर म्हणून लागला होता. पहिल्या सफरीनंतर तो सुटीवर आला, तेव्हा ओसरीवर शेजारपाजार जमला. जहाज तू चालवतोस का, असे एकाने विचारले. तो नाही म्हणाला. मग इंजिन तरी तू चालवतोस का? तेही त्याला प्रामाणिकपणे हो म्हणता येईना, कारण मुख्य इंजिनाची जबाबदारी सेकंड इंजिनियरकडे असते. त्याने पंप, कॉम्प्रेसर, प्युरिफायर असे शब्द सांगून पाहिले. श्रोत्यांच्या चेहऱ्यावर सभ्य निराशा पसरली. तेव्हा आतून चहा घेऊन आलेली आई म्हणाली, “म्हंजे दिवाबत्ती आन् पाणी बघतोस म्हण की!” ओसरी हसली. मुलगाही हसला. वस्तुतः इतकी नेमकी व्याख्या त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचायला मिळाली नव्हती.

आईला ती सुचली यात नवल नाही. घरातही एक मुख्य इंजिन असते आणि त्याच्या जाण्यायेण्याचे कौतुक होत असते. पाणी भरून ठेवणे, चूल वेळेवर पेटणे, धान्याला कीड न लागू देणे, मोरी न तुंबू देणे ही कामे झाली म्हणून कोणी शाबासकी देत नाही. ती न झाली तरच ती असल्याचे कळते. साहाय्यक यंत्रांचा धर्मही हाच आहे. त्यांचे यश अदृश्य असते आणि त्यांचे अपयश मात्र ताबडतोब सर्वांना दिसते.

जहाजावरच्या बोलीत या कामांची आणि माणसांची नावे मोठी रसाळ आहेत. भारतीय जहाजांवर चीफ इंजिनियरला बडा साब म्हणतात. तिसरा तो तीन साब, चौथा तो चार साब आणि त्याखालचा शिकाऊ तो पाच साब. माणसाचे नाव मागे पडते आणि आकडा त्याला चिकटतो. साधारण वाटणी अशी, की जनरेटर आणि बॉयलर तीन साबच्या वाट्याला येतात. पंप, हवेचे कॉम्प्रेसर आणि तेल शुद्ध करणारी यंत्रे चार साबच्या. वाफेच्या काळात खलाशांच्या यादीत आगवाला, कोयलावाला, तेलवाला, पाणीवाला असे हुद्दे असत आणि ते इंग्रज कंपन्यांच्या कागदपत्रांतही तसेच लिहिले जात. त्याच काळात मुख्य इंजिनाखेरीज ओझी उचलणाऱ्या, पाणी खेचणाऱ्या लहान वाफेच्या इंजिनाला डाँकी इंजिन म्हणत, त्याच्या बॉयलरला डाँकी बॉयलर आणि तो सांभाळणाऱ्याला डाँकीमन. ओझे वाहील, तक्रार करणार नाही आणि मिरवणुकीत दिसणार नाही, अशा प्राण्याचे नाव यंत्राला मिळाले आणि मग यंत्राचे नाव माणसाला. नावांच्या या प्रवासात एका वर्गाकडे पाहण्याची दृष्टी पुरेशी प्रकट झालेली आहे.

चार साबचा दिवस प्युरिफायरपाशी सुरू होतो. जहाजात भरलेले जड इंधन विहिरीतल्या पाण्यासारखे सरळ वापरता येत नाही. त्यात पाणी असते, गाळ असतो आणि तेलशुद्धीच्या कारखान्यात वापरलेल्या उत्प्रेरकाचे वाळूपेक्षाही कठीण बारीक कण असतात. ते इंजिनात गेले तर सिलिंडर घासून काढतात. म्हणून ते इंधन सुमारे ९८ अंशांपर्यंत तापवून मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या भांड्यात सोडतात. जड ते बाहेर फेकले जाते, हलके तेल मध्याशी गोळा होते. या यंत्राचा पूर्वज जहाजावर जन्मलेला नाही, गोठ्याशेजारी जन्मलेला आहे. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल या अभियंत्याने १८७८ साली दुधातून साय वेगळी काढण्यासाठी फिरते भांडे केले. पुढे तेच तत्त्व तेलाला लावले गेले. रवी आणि डेरा पाहत वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. देवदानवांनी समुद्र घुसळला तेव्हा वर आलेल्या रत्नांची यादी पुराणांनी जपून ठेवली. इथे समुद्रावर राहून तेल घुसळले जाते आणि निघालेला गाळ कोणाला हवा नसतो. तो साफ करायला भांडे उघडावे लागते. एक एक चकती काढून पुसायची, तिच्या क्रमाने पुन्हा बसवायची. चार साबच्या नखांतला काळेपणा सुटी संपेपर्यंत जात नाही.

पाण्याची कथा याहून विलक्षण आहे. चहूकडे पाणी असताना पाण्यावाचून मरण्याचे भय हे समुद्रप्रवासाचे सर्वांत जुने दुःख आहे. आजचे जहाज त्यावर मुख्य इंजिनाच्या उष्णतेने मात करते. इंजिनाला थंड ठेवून परतणारे पाणी सुमारे ८० अंश तापलेले असते. एवढ्या उष्णतेवर खारे पाणी एरवी उकळणार नाही. पण बंद भांड्यातली हवा काढून घेतली की ते ४०-५० अंशांवरच उकळू लागते. त्याची वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते, रोज २०-३० टन. किनारा जवळ आला की हे यंत्र बंद करतात, कारण किनाऱ्याच्या पाण्यात माणसाची घाण असते आणि इतक्या मंद आचेवर जंतू मरत नाहीत. या पाण्याला चव नसते, क्षार नसतात. ते पिण्याजोगे करण्यासाठी त्यात पुन्हा थोडे क्षार मिसळावे लागतात.

मात्र साहाय्यक या शब्दातले खरे कोडे हवेपाशी उलगडते. ते तीन-चार मजली इंजिन आपल्या बळावर सुरू होऊ शकत नाही. त्याच्या सिलिंडरांत सुमारे ३० बार दाबाची, म्हणजे वातावरणाच्या तीसपट दाबाची हवा सोडावी लागते. ती दट्ट्याला ढकलते, मग तेल पेट घेते. ही हवा कॉम्प्रेसर भरून ठेवतो. कॉम्प्रेसरला वीज लागते. वीज जनरेटर देतो. अनेक जहाजांवर जनरेटरही हवेनेच सुरू होतो. मग सारेच विझलेल्या, हवेच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या जहाजात आरंभ कुठून करायचा? त्यासाठी पाण्याच्या पातळीपासून दूर, वरच्या डेकवर एक लहान आणीबाणीचा जनरेटर ठेवलेला असतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याने ४५ सेकंदांच्या आत आपोआप सुरू होऊन मालवाहू जहाजाला १८ तासांपर्यंत अत्यावश्यक वीज पुरवायची असते. तोही कामी न येईल म्हणून कित्येक जहाजांवर एक छोटा कॉम्प्रेसर असतो, त्याला हाताने फिरवायचा दांडा असतो. लाखभर टनांचे जहाज अखेर एका माणसाच्या मनगटापाशी येऊन थांबते. त्या मनगटाने लहान यंत्र जागे होते, लहानाने मधले आणि मधल्याने मोठे. कोण कोणाचे साहाय्यक, हा प्रश्न त्या क्षणी विचारण्यात अर्थ उरत नाही.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला या ठिकाणी एक जुनी गोष्ट आठवावी. रस कसा निष्पन्न होतो हे सांगणाऱ्या भरताच्या सूत्रात विभाव आहेत, अनुभाव आहेत, येणारेजाणारे व्यभिचारी भावही आहेत. ज्याचा रस होतो त्या स्थायी भावाचा तिथे नामनिर्देश नाही. पुढच्या टीकाकारांनी या अनुल्लेखावर पुष्कळ शाई खर्च केली. त्यांतून काहीही निष्कर्ष निघोत, साहाय्यकांच्या संयोगावाचून प्रधान सिद्ध होत नाही एवढे त्या सूत्राने निर्विवाद सांगून ठेवले आहे. साहित्याच्या इतिहासानेही मुख्य आणि गौण अशा दोन खोल्या केल्या आणि लिपिकार, टीपाकार, जुळारी, मुद्रितशोधक यांना दुसऱ्या खोलीत ठेवले. ग्रंथ ज्यांच्या हातून वाचकापर्यंत पोहोचला त्यांचे नाव ग्रंथाच्या इतिहासात शोधावे लागते.

साहाय्यक यंत्रांचा सांभाळ ही केवळ कौशल्याची बाब नाही, सचोटीचीही आहे. इंजिनरूमच्या तळाशी गळके पाणी आणि तेल एकत्र साचते. त्याला बिल्ज म्हणतात. १९७३ सालच्या आणि १९७८ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हे पाणी विशिष्ट यंत्रातून गाळून, त्यात तेलाचे प्रमाण १० लाख भागांत १५ भागांपेक्षा अधिक नसेल तरच समुद्रात सोडता येते आणि त्याची नोंद वहीत करावी लागते. यंत्र किचकट असते, वारंवार तुंबते. वरिष्ठांना घाई असते. मग कोणी एक तात्पुरती नळी जोडून यंत्राला वळसा घालतो आणि रात्रीच्या अंधारात सारे समुद्राला अर्पण करतो. जहाजांच्या जगात या नळीला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. २०१३ साली एका प्रवासी जहाजावर नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याने अशी नळी पाहिली, बंदर आल्यावर नोकरी सोडली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना कळवले. २०१६ मध्ये त्या कंपनीने अमेरिकेत गुन्ह्याची कबुली देऊन ४ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. उतरंडीत खाली असलेल्या माणसाने पाहिले आणि पाहिलेले सांगितले, एवढाच त्या प्रकरणाचा गाभा आहे. न सांगणारेही तिथे अनेक होते.

पाहणे हे या व्यवसायातले मूळ काम आहे. आज पुष्कळ जहाजांची इंजिनरूम रात्री निर्मनुष्य असते. काही बिघडले तर पाळीच्या इंजिनियरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. तरीही झोपण्यापूर्वी त्याला एक फेरी मारावीच लागते. हातात टॉर्च आणि चिंधी घेऊन तो पंपापंपाशी थांबतो, मोटरवर तळहात ठेवतो, बेअरिंगचा आवाज ऐकतो, काचेतली पातळी पाहतो, गेजच्या काट्यावर बोटाने टिचकी मारतो. आकडे कंट्रोल रूममध्येही दिसतात. पण आकडा मर्यादा ओलांडण्याआधी यंत्राचा स्वर बदललेला असतो आणि तो तळहाताला आधी कळतो. चांगला वाचक ज्या रीतीने संहितेतला एक अनुचित शब्द बोटाने अडवतो, तीच ही रीत आहे. अशा फेऱ्यांत बहुधा काहीच सापडत नाही. काही न सापडण्यासाठीच त्या असतात आणि म्हणूनच त्या टाळण्याचा मोह होतो.

१९१२ सालच्या १५ एप्रिलच्या रात्री टायटॅनिक बुडाले, तेव्हा डेकवर अखेरपर्यंत वाजत राहिलेल्या वाद्यवृंदाची आठवण जगाने जपली. त्याच रात्री खाली डायनामो चालू होते आणि जहाज दिसेनासे होण्याच्या काही मिनिटे आधीपर्यंत दिवे जळत होते. त्या उजेडात होड्या उतरल्या. उजेड टिकवणाऱ्या अभियंत्यांपैकी एकही वाचला नाही.

उजेड न टिकल्याची कथा अलीकडची आहे. २०२४ सालच्या २६ मार्चला मध्यरात्रीनंतर सुमारे ३०० मीटर लांबीचे डाली नावाचे कंटेनरवाहू जहाज कोलंबोला जाण्यासाठी अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून निघाले. जहाजावरच्या २१ खलाशी-अधिकाऱ्यांपैकी बहुतेक सारे भारतीय होते. फ्रान्सिस स्कॉट की पूल समोर असताना दिवे गेले. थंड पाण्याचे पंप थांबले म्हणून मुख्य इंजिन आपोआप बंद पडले. सुकाणूचे पंपही थांबले. खालच्या माणसांनी जेमतेम एका मिनिटात वीज परत आणली. ती पुन्हा गेली, कारण जनरेटरना इंधन पुरवण्यासाठी वापरला जाणारा पंप वीज परतल्यावर आपणहून सुरू होणारा नव्हता. ते मुळी त्याचे नेमून दिलेले कामच नव्हते. पायलटाने धोक्याचा इशारा दिला, पोलिसांनी पुलावरची वाहतूक अडवली आणि त्यामुळे कित्येक जीव वाचले. रात्रपाळीत पुलावरचे खड्डे बुजवणारे सहा मजूर मात्र १ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास पुलासह खाली गेले. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेली ती माणसे होती. जहाजावरचे खलाशी पुढे कित्येक आठवडे त्या मोडलेल्या पुलाच्या सांगाड्याखाली जहाजातच अडकून राहिले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या दुर्घटनेचे कारण सांगितले. ते कारण एक सैल तार हे होते. जहाजात मैलोगणती तारा असतात, हजारो सांधे असतात. प्रत्येक तार ओळखू यावी म्हणून तिच्या टोकाशी नावाची चिमुकली पट्टी चढवलेली असते. या एका तारेवर ती पट्टी नको तितकी पुढे सरकवलेली होती. त्यामुळे तार आपल्या खोबणीत पूर्ण शिरली नव्हती. नुसती टेकून होती. ती निसटली आणि दिवे गेले.

ज्या पट्टीने तारेची ओळख पटावी, तिनेच तारेचा संबंध तोडला. शब्दांचा व्यवसाय करणाऱ्यांनी या घटनेपाशी थोडे थबकावे. नाव ही सोय असते. ती नको तितकी पुढे सरकली की वस्तू आणि तिचे नाते यांच्या मध्ये येते. गौण, साहाय्यक, दुय्यम अशा पट्ट्याही सोयीसाठीच लावलेल्या आहेत. त्या यंत्रांवर लागतात, मग यंत्र सांभाळणाऱ्यांवर, मग रात्री रस्त्याचे खड्डे बुजवणाऱ्यांवर. त्या रात्री जहाजात खाली धावणारे आणि पुलावर वर काम करणारे एकमेकांना ओळखत नव्हते. उतरंडीत त्यांची खोली एकच होती, आणि एकाच्या अंधारात दुसऱ्याचा जीव गेला.

तासगावकडच्या त्या मुलाची सुटी संपत आली होती. उन्हाळ्याच्या एका रात्री गावातली वीज गेली. पंखा थांबला आणि घर एकाएकी शांत झाले. तो कोणी हाक मारण्याआधी उठून बसला. पाय जमिनीवर टेकलेले, हात अंधारात खुंटीवरचा बॉयलरसूट चाचपणारा. खुंटीवर टॉवेल होता. स्वयंपाकघरात काडी ओढल्याचा आवाज झाला. दिव्याची वात वर सरकली आणि दारात आई उभी राहिली.

“लाईट गेलीया नुस्ती,” ती म्हणाली. “झोप तू. मी हाय जागी.”